शेवटच्या कडव्यातला वामन

स्पोकन वर्ड म्हटलं की माझ्या पिढीला गिल स्कॉट-हेरन आठवतो. जॅझ आणि सोलच्या ठेक्यावर काळ्या माणसाचं जगणं बोलून दाखवणारा अमेरिकन कवी. त्याची ‘द रिव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड’ १९७० साली रेकॉर्ड झाली. मलाही तो आवडतो. पण तो जन्मला १९४९ साली, आणि त्याआधीच आमच्या नाशिक जिल्ह्यातला एक माणूस हेच काम मराठीत करत होता. त्याचं नाव वामनदादा कर्डक.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत राबले. अक्षरओळख नव्हती. एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते जमलं नाही आणि मनाला लागलं. मग मोठेपणी मुळाक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं शिकले. १९४३ साली पहिलं गाणं रचलं.

ही वाट त्यांच्याआधीच पडली होती. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच काळात याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक जलसा घेऊन गावोगाव फिरत होते. तमाशाचा साचा तोच, पण विषय अस्पृश्यता, शिक्षण, अंधश्रद्धा. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत चळवळ पोचली ती अशी कानांवाटे.

वामनदादांनी हजारो गाणी रचली. ‘वाटचाल’ हा त्यांचा पहिला संग्रह आला १९७३ साली, म्हणजे गायला लागल्यावर तीस वर्षांनी. तोवर गाणी वस्तीवस्तीत पाठ झाली होती. पुस्तक नसताना कवीचं नाव टिकलं कसं? तुकोबा अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालतात, तसं वामनदादा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफत. गाणं कुणीही गावं, चाल बदलावी. नाव काढलं तर कडवंच मोडतं. छापखाना नसलेल्या कवीचा हा कॉपीराइट होता.

वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांना बहुतेकदा ‘लोककवी’ या कप्प्यात ठेवलं जातं. मला हा कप्पा खटकतो. स्कॉट-हेरनच्या ओळी हिप-हॉपवाल्यांनी उचलल्या, तेव्हा जग त्याला पूर्वसुरी म्हणालं. आपल्याकडे गाणं जयंतीच्या मंडपात वाजलं की त्यातली कविता कुणाला दिसत नाही.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. गाणी आता आपल्या फोनवर आहेत, बहुतेक तुकड्यांत. रील तीस सेकंदांची, तिच्यात ध्रुवपद येतं आणि शेवटचं कडवं कापलं जातं. निरक्षर श्रोत्यांनी इतकी वर्षं सांभाळलेलं नाव आपण, शिकलेली माणसं, एका बोटाने पुसतोय. म्हणून एवढंच सांगतो, गाणं शेवटपर्यंत ऐका.