गुळाचा भाव विचारणारी आज्ञावली

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाला काय भाव निघाला, हे एका संगणकाने दुसऱ्यास विचारावयाचे, तर दोघांत ठरलेली रीत लागते. तिला 'एपीआय' म्हणतात. केंद्र सरकारने २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे भाव अशा रीतीने मिळतात. नोंदणीनंतर मिळणारी 'की' जोडून जिल्हा, बाजार व शेतमाल कळविला, की किमान, कमाल व सर्वसाधारण भाव प्रतिक्विंटल रुपयांत येतो.

ही देवघेव सर्व्हरवरील 'क्लायंट लायब्ररी' सांभाळते. 'पायथन' भाषेतील 'रिक्वेस्ट्स' ही त्यांपैकीच एक. ती विनंती पाठविते व आलेले उत्तर उलगडून देते. 'की' सर्व्हरवरच राहिल्याने वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उघडी पडत नाही.

मात्र 'रिक्वेस्ट्स' स्वतःहून वेळमर्यादा घालीत नाही. ती न घातल्यास, उत्तर न आले तर प्रोग्रॅम ताटकळत राहतो. शिवाय विनंती यशस्वी झाली, तरी त्या दिवसाची नोंद असेलच असे नाही. नोंद नसणे म्हणजे भाव शून्य असणे नव्हे. हा भेद व नोंदीची तारीख तपासली नाही, तर गुऱ्हाळावरून माल पाठविणारा शेतकरी चुकीच्या आकड्यावर विसंबेल.