हया आणि झिजक : मुलांच्या गप्प राहण्यामागे काय असते?

मुंब्र्यातल्या उर्दू शाळेतून दहावी झालेली माझी एक विद्यार्थिनी कल्याणच्या कॉलेजात अकरावी सायन्सला गेली. गुण चांगले होते. तीन महिन्यांनी भेटली आणि म्हणाली, "टीचर, मला सायन्स सोडायचंय." अभ्यास जड जात नव्हता. पहिल्याच आठवड्यात उत्तर देताना तिने 'नळी'ला 'नली' म्हटलं, मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. प्रॅक्टिकलमधली शंकासुद्धा विचारता येईना. घरी मात्र कौतुक चाललं होतं, "आमची मुलगी फार शरीफ, कुणाशी बोलत नाही."

उर्दूत 'ळ' हा उच्चारच नाही. त्यामुळे ही चूक तिच्या हुशारीची नव्हतीच. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

लाजाळूपणा म्हणजे काय?

लोक आपल्याला नावं ठेवतील या भीतीने माणूस मागे सरतो, त्याला लाजाळूपणा किंवा बुजरेपणा म्हणतात. हा आजार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी १९७० च्या दशकात लोकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं. जेरोम केगन यांच्या अभ्यासात दिसलं की काही मुलं अगदी लहानपणापासून नवख्या गोष्टीला बिचकतात. म्हणजे थोडा भाग जन्मजात स्वभावाचा असतो. बाकीचा घरातून, वर्गातून आणि आलेल्या अनुभवातून घडतो.

शांत मूल आणि बुजरं मूल यांत फरक आहे. शांत मुलाला एकटं राहायला आवडतं. बुजऱ्या मुलाला मिसळायचं असतं, पण जमत नाही.

हया वेगळी, झिजक वेगळी

आपल्या घरांत इथेच गल्लत होते. हया हा इमानचा भाग आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहान मुलालाही माहीत असते. हया माणसाला वाईट कामापासून रोखते. झिजक मात्र चांगल्या कामापासूनही रोखते. शिक्षकांना शंका विचारणं, डॉक्टरला दुखणं सांगणं, कुणी त्रास देत असेल तर घरी बोलणं, यापासून अडवते ती हया नव्हे. मदीनेतल्या अन्सारी स्त्रियांना दीन समजून घेण्यात हया आडवी आली नाही, याबद्दल हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केल्याचं हदीसमध्ये आहे.

म्हणून गप्प राहणाऱ्या मुलीला लगेच 'शरीफ' आणि गप्प मुलाला 'सीधा' म्हणून मोकळं होऊ नका. आधी विचारा, तो खूश आहे का?

भावनेला नाव द्या

"काय झालं?" विचारलं तर मुलं म्हणतात, "काही नाही" किंवा "डोकं दुखतंय." खोटं बोलत नसतात. आत काय चाललंय त्याला शब्दच नसतो. भीती, अपमान, राग, एकटेपणा, हेवा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात आढळलं, की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची हालचाल कमी होते. शब्द उर्दू असो, मराठी असो, चालेल. मुंब्रा-कौसा, भिवंडीतल्या एका खोलीच्या घरात निवांत बोलायला जागा नसते, हे खरं. मग बाजारात जाताना, स्टेशनपर्यंत सोडताना बोला.

घरी आणि शाळेत काय करावे?

• पाहुण्यांसमोर "हा लाजतो" असं म्हणू नका. मूल तेच स्वतःचं नाव समजतं.
• त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. थोडं थांबा.
• छोट्या पायऱ्या करा : आधी दुकानदाराशी बोलणं, मग तिकीट खिडकीवर, मग वर्गात एक प्रश्न.
• उच्चारावर हसणाऱ्याला शिक्षकांनी तिथेच थांबवावं.
• मोबाइलवरच्या गप्पा वाईट नाहीत, पण समोरासमोर बोलण्याची सवय त्यातून लागत नाही.

प्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी सभेत बोलायला घाबरत. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलून ती भीती घालवली. पुढे त्यांनीच मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा प्रसार मराठीत कि. मो. फडके यांनी केला.

मदत कधी घ्यावी?

सहा महिने किंवा जास्त काळ मूल शाळा-कॉलेज टाळत असेल, लोकांसमोर जायच्या विचारानेच घाम, थरथर, पोटदुखी होत असेल, तर ते सामाजिक भीतीचं लक्षण असू शकतं. तज्ज्ञांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं ते बोलू लागलं तर एक दिवसही थांबू नका. ठाण्यात १९०१ पासूनचं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तसंच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आणि चोवीस तास चालते. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

त्या मुलीसोबत मी एकच वाक्य घोटून घेतलं, "सर, ही पायरी मला समजली नाही." दोन आठवडे ती ते घरी आरशासमोर म्हणत होती. मग एक दिवस वर्गात म्हणाली. यंदा ती बारावी सायन्सला आहे. 'ळ' अजून नीट येत नाही, पण आता ती त्यासाठी थांबत नाही.