बंदूक कमरेला, पण हात मोकळे हवेत

बचत गटांच्या या कार्यक्रमात आपण कर्ज, हप्ते, शेळीपालन, आरोग्य असं बरंच बोलतो. आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत. तो आहे चीनमधल्या शांघाय शहराचा, शंभर वर्षांपूर्वीचा. शांघायचा आणि आपल्या गावाचा काय संबंध, असं वाटेल. पण ऐका, शेवटी आपण आपल्याच उंबऱ्यावर येणार आहोत.

त्या काळी शांघायचा एक मोठा भाग परदेशी व्यापाऱ्यांच्या ताब्यात होता. तिथली नगरपालिका त्यांची आणि पोलीसही त्यांचेच. या पोलीस दलात इंग्रज अधिकारी होते, चिनी शिपाई होते आणि आपल्या देशातून, पंजाबातून गेलेले शीख शिपाईही होते. शहर श्रीमंत होतं, तसंच गुंडांचंही होतं. दरोडे, अपहरण, अफूचा चोरटा धंदा हे रोजचंच. त्यामुळे पोलिसांच्या कमरेला पिस्तूल असे.

१९०७ साली विल्यम फेअरबेर्न नावाचा एक तरुण इंग्रज या दलात भरती झाला. वय जेमतेम बावीस. आधी सैन्यात राहिलेला, बंदूक चालवणारा. पण नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच गुंडांच्या टोळीने त्याला असं मारलं की तो मरता मरता वाचला. बरा झाल्यावर तो शांघायमधल्याच एका जपानी गुरूकडे जाऊन जुजुत्सू शिकू लागला. जुजुत्सू म्हणजे जपानची जुनी, बिनहत्यारी झुंजीची विद्या. पुढे चिनी कुस्तीचे, ठोशांचे प्रकारही त्याने अभ्यासले. या सगळ्यातून साधे, लवकर शिकता येतील असे डाव निवडून त्याने पोलिसांसाठी स्वतःची पद्धत बसवली. तिचं नाव ‘डिफेंडू’. त्यावरचं त्याचं पुस्तक १९२६ साली शांघायमध्येच छापलं गेलं.

आता बघा, हाच माणूस दलाला पिस्तूल चालवायलाही शिकवत होता. म्हणजे तो बंदुकीच्या विरोधात नव्हता. तरीही ज्यांच्याकडे बंदूक आहे त्यांनाच हातांचं शिक्षण हवं, असं त्याला का वाटलं?

याचं उत्तर त्याच्या दुसऱ्या पुस्तकात सापडतं. एरिक साईक्स या सहकाऱ्याबरोबर त्याने १९४२ साली पिस्तूल वापरण्यावर पुस्तक काढलं. त्यात त्यांनी आपल्या दलाची नोंद दिली आहे. साडेबारा वर्षांत हत्यारबंद गुन्हेगारांशी ६६६ वेळा गाठ पडली. या अनुभवावरून ते सांगतात की बहुतेक वेळा समोरचा माणूस चार वारांच्या आतच असतो. चार वार म्हणजे बारा फूट, आपल्या ओसरीएवढं अंतर. त्यातही अनेकदा अंधार असतो, जिना असतो, बोळ असतो. इतक्या जवळ आलेला माणूस एका उडीत अंगावर येतो. पिस्तूल म्यानातच राहतं आणि मनगट त्याच्या हातात जातं.

पुढे अमेरिकेत एका पोलिसाने हे घड्याळ लावून पाहिलं. सॉल्ट लेक सिटीचे सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली लिहिलं, की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. शिकलेल्या पोलिसालाही पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे आधी बाजूला सरकायला, हात अडवायला, ढकलायला आलं पाहिजे. ते आलं तरच बंदूक काढायला उसंत मिळते. आणि झटापटीत बंदूक सांभाळता आली नाही, तर ती समोरच्याच्या हाती जाते. मग आपलंच हत्यार आपल्यावर उलटतं.

पण आम्हाला यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण वेगळं वाटतं. ते समजायला शांघायमधलाच एक काळा दिवस आठवावा लागेल.

१९२५ चा मे महिना. जपानी मालकीच्या कापड गिरणीतल्या वादात एक चिनी कामगार गोळीने मारला गेला. त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले. ३० मे रोजी नानजिंग रस्त्यावरच्या पोलीस ठाण्यासमोर मोठा जमाव जमला. आतल्या विद्यार्थ्यांना सोडा, अशी मागणी होती. ठाण्यातले पोलीस मोजके, जमाव वाढत चाललेला. शेवटी इंग्रज अधिकाऱ्याने गोळीबाराचा हुकूम दिला. शीख आणि चिनी शिपायांनी गोळ्या झाडल्या. किमान नऊ जण मेले, कित्येक जखमी झाले. सारा चीन पेटून उठला. महिनोन् महिने संप आणि बहिष्कार चालले.

त्या ठाण्याच्या दारात काय कमी होतं? बंदुका तर होत्या. कमी होती ती शब्द आणि गोळी यांच्या मधली पायरी. आधी ओरडून पाहिलं, ढकलून पाहिलं, जमेना, मग थेट गोळी. या घटनेनंतर दंगल हाताळायला त्या दलाने खास राखीव तुकडी उभी केली आणि तिची जबाबदारी फेअरबेर्नकडे आली. पण मेलेली माणसं काही परत आली नाहीत. ज्याच्याकडे फक्त बंदूक असते, त्याला भीती वाटली की दुसरं काही सुचत नाही. हातांनी अडवता येतं हे ज्याला माहीत असतं, तो थोडा थांबू शकतो. त्या थोड्या थांबण्यात एखाद्याचा जीव वाचतो आणि एखादा तुरुंगातून वाचतो.

आणखी एक गोष्ट. १९४० साली फेअरबेर्न निवृत्त होऊन ब्रिटनला परतला. दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि पंचावन्न वर्षांचा हा माणूस कमांडो सैनिकांना हे डाव शिकवू लागला. १९४२ मध्ये त्याने खास बायका-मुलींसाठीही एक छोटं पुस्तक काढलं. कुणी मनगट धरलं तर कसं सोडवायचं, केस धरले तर काय करायचं, हातातली छत्री कशी वापरायची, असे साधे प्रकार त्यात आहेत. सैनिकाला शिकवायची विद्या घरातल्या बाईलाही शिकता येते, हे त्याने मानलं होतं.

आता आपल्या उंबऱ्यावर येऊ. आपल्याकडे बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. पिकांच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असलेली घरं आहेत. बंदूक नसली तरी कोयता, विळा, कुऱ्हाड घरोघर असते. बाया म्हणतात, “रात्री उशाशी कोयता असला की भीती नाही.” आम्ही विचारतो, ताई, अंगावर आलेल्या माणसाने तुमचं मनगटच धरलं तर कोयता काय करेल?

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ आपल्याला स्वतःच्या बचावाचा हक्क देतात. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तो हक्क मानतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट आहेच. जिला ढकलून, सुटून पळता येतं, तिला ही अट पाळणं सोपं जातं. जिच्याकडे फक्त पातं आहे, तिला अवघड जातं.

म्हणून गटांना आमचं सांगणं आहे. मासिक बैठकीनंतर अर्धा तास काढा. पोलीस ठाण्यात विचारा, शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. कोल्हापूरकडच्या सख्यांना तर मर्दानी खेळाचे वस्ताद गावातच भेटतील. सुरुवात मनगटापासून करा. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड कच्ची असते. त्या बाजूला झटका द्या, ओरडा आणि पळा. एकदा शिकून हे अंगवळणी पडत नाही. दर महिन्याला जोडीने सराव करायला हवा. यातून कुणी पैलवान होणार नाही, चार जणांशी एकटी लढणार नाही. आपल्याला लढाई जिंकायची नाही, घरी परत यायचं आहे.

आणि घरात परवान्याची बंदूक असेल, तर ती चालवणाऱ्या दादांना, भाऊंनाही या सरावाला आणा. बंदूक कुलपात राहू द्या. हात मात्र रोज आपल्याबरोबर असतात, त्यांना आधी शिकवा.