फ्रँकफर्टचे ‘लेअरहाऊस’ : प्रौढांनी पुन्हा विद्यार्थी होण्याचा इतिहास

१/ धर्माचे शिक्षण वयाच्या तेराव्या वर्षी संपले, तर चाळिशीतल्या प्रश्नांची उत्तरे कोठे शोधायची? १९२० साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात या प्रश्नातून एक विलक्षण विद्यागृह उभे राहिले. त्याची ही कथा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. यहुदी धर्मातील सुधारणा चळवळ जर्मनीतच जन्मली. १८१० मध्ये झेसेन येथे आणि १८१८ मध्ये हँबर्ग येथे नव्या पद्धतीची प्रार्थनामंदिरे उघडली. ऑर्गनचे सूर, जर्मन प्रार्थना आणि जर्मन प्रवचने उपासनेत आली. सामान्य माणसाला तिचा अर्थ कळू लागला.

३/ पुढे १८७१ पर्यंत नागरी समानताही मिळाली. मुले जर्मन शाळांत आणि विद्यापीठांत गेली. मात्र घरातले हिब्रू वाचन मागे पडत गेले. गटे आणि शिलर जाणणाऱ्या अनेक सुशिक्षित यहुद्यांना तोराचे एक पानही मुळातून वाचता येईना. दोष एकट्या सुधारणेचा नव्हता. सारे जीवनच बदलले होते.

४/ फ्रान्झ रोझेनत्स्वाइग (जन्म १८८६, कासेल) अशाच घरातला. १९१३ मध्ये त्याने ख्रिस्ती होण्याचे ठरवले; काही महिन्यांतच तो निर्णय फिरवला आणि यहुदी परंपरेच्या अभ्यासाला लागला. पहिल्या महायुद्धात सैनिक असताना त्याने आपला प्रमुख ग्रंथ लिहायला घेतला, तोही लष्करी टपालाच्या पत्रांवर!

५/ हेगेलवरील प्रबंधामुळे विद्यापीठाची दारे त्याला खुली होती. इतिहासकार माइनेके यांनी संधी देऊ केली; त्याने ती नाकारली. त्याऐवजी फ्रँकफर्टमधील प्रौढांच्या विद्यागृहाचे संचालकपद पत्करले. जर्मनमध्ये ‘लेअरहाऊस’ म्हणजे विद्यागृह. हिब्रूतील ‘बेत मिद्राश’चा तो अनुवाद.

६/ त्याचा मूळ विचार असा : पूर्वी विद्या तोरापासून निघून जीवनाकडे जाई. आता दिशा उलटी हवी. जो परंपरेपासून दूर गेला आहे, त्याने आपला व्यवसाय, आपल्या शंका, आपले अज्ञान सोबत घेऊनच यावे आणि परिघावरून केंद्राकडे चालावे. न जाणणे ही लाज नव्हे. तो आरंभबिंदू आहे.

७/ म्हणून शिक्षकही निराळे. रब्बी होतेच, पण बायबलचा वर्ग चालवणारे एदुआर्द श्ट्राउस व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होते. मार्टिन बूबर, गेर्शोम शोलेम, तरुण एरिक फ्रॉम हेही येथे शिकवून गेले. सनातनी आणि उदारमतवादी एकाच छताखाली बसत. प्रवेशपरीक्षा नव्हती. भरभराटीच्या वर्षी विद्यार्थिसंख्या सुमारे ११०० झाली.

८/ १९२२ मध्ये रोझेनत्स्वाइगला दुर्धर मज्जाविकार जडला. हळूहळू हात थांबले, वाचाही गेली. तरीही पत्नी एदिथच्या साहाय्याने त्याचे लेखन आणि बूबरसह बायबलचा जर्मन अनुवाद चालू राहिला. १९२९ च्या डिसेंबरात तो निवर्तला. तोवर लेअरहाऊसचे कामही थंडावले होते.

९/ आणि मग १९३३. हिटलरच्या राजवटीने यहुद्यांना नोकऱ्यांतून, विद्यापीठांतून हुसकावणे सुरू केले. जे स्वतःला प्रथम जर्मन समजत होते, त्यांना केवळ यहुदी ठरवले गेले; आणि यहुदी असणे म्हणजे काय, हे त्यांतील अनेकांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी बूबर यांनी लेअरहाऊस पुन्हा उघडले. पूर्वी जी जिज्ञासा होती, ती आता तग धरण्याची गरज झाली.

१०/ १९३८ मध्ये बूबर पॅलेस्टाइनला गेले. त्याच नोव्हेंबरात देशभर सिनेगॉग जाळली गेली आणि लेअरहाऊसही संपले. या विद्येने कोणाचे प्राण वाचवले असे म्हणता येणार नाही. पण अपमानाच्या काळात माणसांना आपण कोण आहोत याचे उत्तर शत्रूकडून घ्यावे लागले नाही, हे थोडके नव्हे.

११/ आज अमेरिकेतील अनेक सुधारणावादी मंडळ्यांत शनिवारी सकाळी प्रौढ मंडळी तोराचा उतारा पुढे ठेवून वाद घालतात. कोणी निवृत्त अभियंता, कोणी नुकताच यहुदी झालेला, कोणी हिब्रूची अक्षरे गिरवणारी आजी. प्रश्न विचारायला पात्रता लागत नाही. फ्रँकफर्टचा तो विचार तेथे अजून जिवंत आहे.

(समाप्त)