पाणी बाधते तेव्हा

उष्ण मुलखात प्रवासाला निघालेल्या माणसाला पोटाचे दुखणे काही नवे नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर सुटीला आलेला विलायती पाहुणा असो की आषाढीला पंढरपूरची वाट धरलेला वारकरी असो, ‘पाणी बाधले’ हे दोघांच्याही तोंडून ऐकू येते. दुखणे पुरातन, औषध मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात होते. मग ते सापडायला इतका काळ का लागला?

१८३१ साली पटकीची साथ ब्रिटनमध्ये पोचली. ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले आणि सांगितले, की यातले पाणी व क्षार निघून गेले आहेत. ते परत द्या. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात आला आणि त्याने येथे तारायंत्र उभारले, बरं का! त्याचे म्हणणे ऐकून १८३२ साली स्कॉटलंडमधील डॉ. लॅटा यांनी रोग्यांच्या शिरेत खारे पाणी सोडले. मरणाच्या दारातले काहीजण वाचले. पण पुढच्याच वर्षी लॅटा वारले आणि उपाय मागे पडला. डॉक्टर रक्त काढीत राहिले, रेचके देत राहिले. घरोघरी तर रोग्याचे पाणीच तोडत. प्यायलेले सगळे बाहेरच पडणार, तर द्यायचे कशाला, असा हिशोब! रोगापेक्षा या हिशोबानेच कितीतरी माणसे नेली.

दरम्यान रोगाचे मूळ उमगले. १८५४ साली लंडनच्या डॉ. स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले. १८८४ साली कोख यांना कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचे जंतू आढळले.

शिरेवाटे सलाईन देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. पण जिथे इस्पितळच नाही तिथे काय? १९५३ साली कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देऊन रोगी बरे केले. त्याचे कारण १९६० नंतर कळले: आजारी आतड्यातसुद्धा साखर मिठाला आत ओढते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. १९६८ साली ढाक्यात याची पारख झाली. मग १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करविल्या. ते पाणी नातेवाइकांनीच रोग्यांना पाजले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, तो आकडा चाराच्याही खाली आला.

तेव्हा प्रवासात पाणी उकळून प्यावे, अन्न गरमच खावे, फळ स्वतः सोलावे, अनोळखी बर्फ टाळावा आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. इतके करूनही पोट बिघडलेच, तर क्षार-साखरेची तयार पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो. दर जुलाबानंतर हे पाणी घोटघोट घ्यावे. हलके जेवण चालू ठेवावे. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी बंद होणे किंवा मूल मलूल पडणे, यांपैकी काही दिसले की मात्र डॉक्टर गाठावा.

बनगावच्या छावणीतल्या आयाबहिणींना जे साधले, ते आपल्याला साधणार नाही असे थोडेच आहे?