तीन टक्के, पण कशाचे?

सरकारी नोकरीची कुठलीही जाहिरात उघडा. पीडीएफमध्ये भला मोठा तक्ता असतो: अजा, अज, इमाव, खुला, महिला, खेळाडू, माजी सैनिक. अगदी टोकाला, कधी तळटीपेत, दिव्यांगांच्या जागा. आणि कधी कधी जागांऐवजी नुसता शेरा असतो, ‘पद सुनिश्चित नाही’. म्हणजे हे काम दिव्यांग व्यक्तीला जमेल असं सरकारने ठरवलेलं नाही, विषय संपला. हा शेरा आला कुठून, हे शोधायला मी बसलो आणि हाती लागला एका टक्केवारीचा इतिहास.

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक घरी परतू लागले, तेव्हा ब्रिटनने १९४४ मध्ये कायदा केला. वीस किंवा जास्त कामगार असतील, तर त्यात ३ टक्के अपंग असायला हवेत. याच कायद्याखाली दोन कामं तर फक्त त्यांच्यासाठीच राखून ठेवली गेली: लिफ्ट चालवणं आणि पार्किंगवर देखरेख करणं. कायदा मोडणाऱ्या मालकांवर पुढच्या पन्नास वर्षांत खटले झाले ते मात्र बोटांवर मोजण्याइतके.

आपल्याकडे १९५९ मध्ये मुंबईत अपंगांसाठी खास रोजगार विनिमय केंद्र सुरू झालं. कामं ठरलेली होती. अंध असाल तर वेताच्या खुर्च्या विणा, खडू बनवा, फार तर टेलिफोन ऑपरेटर व्हा. मग १९७७ मध्ये केंद्र सरकारने नोकऱ्यांत आरक्षण दिलं. आकडा पुन्हा तोच, ३ टक्के. पण ते फक्त गट क आणि गट ड मध्ये, म्हणजे कारकून आणि शिपाई. अपंग माणूस साहेबांच्या केबिनबाहेर बसू शकत होता, आत नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये, दिल्लीत जावेद अबिदींसारखे कार्यकर्ते रस्त्यावर उतरल्यानंतर, संसदेने अपंग व्यक्ती कायदा मंजूर केला. (गंमत म्हणजे ब्रिटनने आपला कोटा मोडीत काढणारा कायदा केला, तोही १९९५ मध्येच.) आता ३ टक्के सगळ्या गटांत लागू होणार होते. कायद्यात दोन कलमं शेजारी-शेजारी होती. कलम ३२ सांगत होतं, अपंगांना जमतील अशी पदं सुनिश्चित करा. कलम ३३ सांगत होतं, किमान ३ टक्के जागा द्या. सगळी गोम या दोघांच्या मधल्या फटीत होती.

कारण तीन टक्के कशाचे? २००५ च्या केंद्राच्या एका आदेशाने हिशोब असा लावला की गट क आणि ड मध्ये टक्का एकूण रिक्त जागांवर मोजायचा. गट अ आणि ब मध्ये मात्र फक्त सुनिश्चित पदांवर. समजा अधिकाऱ्यांच्या १०० जागा आहेत आणि त्यातल्या २० सुनिश्चित. शंभराचे ३ टक्के म्हणजे ३ जागा. विसाचे ३ टक्के म्हणजे ०.६, पुरती एक जागाही नाही. पदं सुनिश्चित कोण करणार? सरकारच. म्हणजे यादी जितकी आखूड, तितकं देणं कमी. कुणी उघडपणे ‘नाही’ म्हणायचीसुद्धा गरज नव्हती.

रवी प्रकाश गुप्ता हे अंध उमेदवार २००६ च्या नागरी सेवा परीक्षेत उत्तीर्ण झाले, तरी नियुक्ती मिळेना. सरकारचं म्हणणं, पदं सुनिश्चित झाल्याशिवाय आरक्षण लागूच होत नाही. कायदा लागू होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती! सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. मग ८ ऑक्टोबर २०१३ ला नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात मूळ हिशोबच बदलला. चारही गटांत टक्का एकूण रिक्त जागांवरच मोजायचा, असा तो निकाल. फेडरेशनची बाजू मांडणारे वकील संतोषकुमार रुंगटा स्वतः अंध. मला हा निकाल या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो, आणि नेमका तोच कुणाला माहीत नसतो. ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं त्याची चर्चा घराघरांत झाली. छेद बदलला त्याची झाली नाही.

२०१६ च्या नव्या कायद्याने टक्का ४ केला, अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि ‘एकूण रिक्त जागा’ हे शब्द थेट कलमात घातले. खासगी कंपन्यांना मात्र सक्ती नाही. किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी ठेवले, तर सरकारने प्रोत्साहन द्यावं, एवढंच. तुमच्या-माझ्या बहुतेक मित्रमैत्रिणींच्या नोकऱ्या तिथे आहेत, हे लक्षात घ्या.

आकडा सुधारला तरी नजर जुनीच राहते. उल्हासनगरची प्रांजल पाटील २०१५ च्या यूपीएससीत ७७३ वी आली. रेल्वेची लेखा सेवा मिळाली, पण ती पूर्ण अंध आहे म्हणून रेल्वेने घेतलं नाही. पुढच्याच वर्षी तिने १२४ वा क्रमांक काढला, आयएएस झाली आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमची उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. पण पुन्हा परीक्षा देऊन आणखी वर चढायची अट फक्त तिलाच का?

मध्य प्रदेशात तर दृष्टिहीन उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या भरतीतूनच वगळणारा नियम होता, ६-अ. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. ३ मार्च २०२५ ला निकाल आला आणि नियमातला तो भाग रद्द झाला.