सिंधुदुर्ग

महाराष्ट्रातील मालवण बंदरासमोर कुरटे बेटावर उभारलेला शिवकालीन जलदुर्ग. सतराव्या शतकात या किनाऱ्यावर गोव्याचे पोर्तुगीज, वेंगुर्ल्याचे डच वखारवाले, जंजिऱ्याचा सिद्दी आणि पुढे मुंबईचे इंग्रज एकमेकांवर नजर ठेवून होते. पोर्तुगीज परवान्याविना निघालेले गलबत जप्त होई. म्हणजे किनारा एकाचा आणि समुद्र दुसऱ्याचा, अशी स्थिती होती. ती बदलण्यासाठी शिवाजी महाराजांनी आरमार बांधले आणि त्याला आसरा म्हणून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या दुर्गाची पायाभरणी केली. मालवणच्या किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ आजही दाखवतात. भूमिपूजन तेथे झाले. काम चालू असतानाच फेब्रुवारी १६६५ मध्ये मराठी आरमाराने कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूरवर स्वारी केली. दुर्ग १६६७ मध्ये पूर्ण झाला.

जागेची निवड ही या दुर्गाची खरी ताकद. बेटाभोवती पाण्याखाली खडकांचे जाळे आहे. वाट ठाऊक असलेल्या तांडेलाशिवाय तारू आत आणणे धोक्याचे. वेडावाकडा तट सुमारे तीन किलोमीटर भरतो. महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडला आहे की होडी अगदी जवळ आल्याखेरीज तो दिसत नाही. भोवती खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी गोड्या आहेत, त्यामुळे वेढ्यात शिबंदी तहानेने शरण येण्याची भीती नव्हती. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे त्याचे साहाय्यक कोट.

तट मात्र आरमाराची जागा घेऊ शकत नाहीत. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून मराठी आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. त्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. मराठी सत्तेने आपलेच समुद्रावरील बळ परक्याच्या मदतीने मोडले, ही या इतिहासातील सर्वांत महाग पडलेली चूक. १७६५ मध्ये इंग्रजांनी करवीरकरांच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या, ताब्यातील सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले. राखणे परवडेना म्हणून पैसे आणि व्यापाराला उपद्रव न देण्याची हमी घेऊन त्यांनी तो पुढील वर्षी परत केला. १८१२ च्या तहाने मालवण आणि दुर्ग कायमचे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले.

तटाच्या आत राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वर मंदिर असून काही कुटुंबे अजूनही राहतात. पावसाळ्यात मालवण धक्क्यावरून होणारी प्रवासी होड्यांची ये-जा बंद असते. भारतीय नौदलाने २०२३ चा नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर साजरा केला.